डोंगरावर बर्फ पडणार आहे

दोन्ही मोबाईल एकदम किंचाळले, तशी हव्वाबीच्या हातातली सुरमईची तुकडी तव्याबाहेर पडली.

"या अल्ला! अवो, काय झालं? आग लागली का कुठं?"

"आग नाय गो. हवामानाचा इशारा हाय."

मोहिद्दीनने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. डोंगराळ भागात वादळी पाऊस, गारा. वादीपासून, म्हणजे कोरड्या नद्यांच्या पात्रांपासून, दूर राहा. जपून गाडी चालवा. मग तो थांबला. पुढची ओळ त्याने आधी मनात वाचली.

"उंच शिखरांवर तापमान शून्याखाली. बर्फ पडण्याची शक्यता."

हव्वाबीने गॅसच बंद केला. "बर्फ? हितं, ह्या वाळवंटात?"

"जबल जैसवर, त्या उंच डोंगरावर. कधीतरीच पडतो. मी पण नाय बघितला."

"लांब हाय?"

"लांब नाय. पण आज नको. वाचलं ना आता काय लिवलंय ते?"

मोहिद्दीन दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमध्ये शाळेची बस चालवायचा. म्हसळ्याहून आला तेव्हा लग्नाला चार महिनेही झाले नव्हते. "वर्षभरात तुला नेतो," असं तो एस.टी. स्टँडवर तिला सांगून निघाला होता. मग बहिणींची लग्नं निघाली, घराचा स्लॅब झाला, मुलं शिकली. तो दोन वर्षांनी महिनाभर गावी जायचा. संसार असा सुट्ट्यासुट्ट्यांनी झाला. आता केस पिकल्यावर हव्वाबी पहिल्यांदाच, महिन्याभराच्या व्हिजिट व्हिसावर आली होती, आणि तोही महिना या एका खोलीत सरला. तो पहाटे बस काढायचा, दुपारनंतर कंबर धरून परतायचा. तिने दुबई पाहिली ती विमानतळावरून येताना, गाडीच्या काचेतून. परवा तिचं परतीचं विमान होतं.

आज मात्र खराब हवामानामुळे शाळा ऑनलाइन ठेवली होती. बस उभी होती.

"चला ना," ती म्हणाली.

"हव्वा, दाट धुकं असलं तरी मी बस बाजूला घेऊन थांबतो. पोरांचे आईबाप ओरडतात, मी ऐकत नाय. आणि आज स्वतःहून जाऊ?"

"पोलीस सोडतील तिथपर्यंत जाऊ. अडवलं तर मागं फिरू. मी कधी काय मागितलं का तुमच्याकडं?"

तिने खरंच कधी काही मागितलं नव्हतं. शेजारच्या यूनुसची गाडी मागायला जाताना मोहिद्दीनला ते आठवत राहिलं.

हव्वाबीने त्याचा स्वेटर अंगात चढवला, वर शाल, डोक्याला रुमाल. तळलेली सुरमई आणि भाकऱ्या डब्यात भरल्या. रस अल खैमा शहर मागे पडलं आणि समोर काळेभोर डोंगर आले, अर्धे ढगात. रस्त्यावर गाड्याच गाड्या. मागच्या काचांतून कानटोप्या घातलेली पोरं हात हलवत होती. हव्वाबी प्रत्येकाला हात करत होती.

एवढ्यात टपावर ताडताड वाजलं. गारा! मोहिद्दीनने वेग कमी केला, दिवे लावले. हव्वाबीने काच खाली करून हात बाहेर काढला.

"अगो, हात आत घे! लागेल!"

"लागू दे!" ती हसत सुटली. तळहातावर आलेल्या दोन गारांतली एक तिने स्वतः तोंडात टाकली आणि दुसरी त्याच्या तोंडात कोंबली. दातांत कुडुम वाजलं. मोहिद्दीनलाही हसू आवरेना. असं हसत त्याने कधी गाडी चालवली नव्हती.

घाट सुरू व्हायच्या आधीच पोलिसांनी रस्ता अडवला होता. एक तरुण पोलीस गाड्या मागे वळवत होता.

"बाबा, खलास. ऊपर बंद."

मोहिद्दीन खाली उतरला. साहेबांपुढे, मालकापुढे त्याने कधी शब्द टाकला नव्हता. आता पावसात भिजत उभा राहून तो म्हणाला, "साब, मेरी बीवी है. परसों इंडिया जाती है. जिंदगी में बर्फ नहीं देखा. जितना दूर जाने देगा, उतना."

पोलिसाने गाडीत वाकून पाहिलं. हव्वाबीने त्याला सलाम केला.

"हबीबी, ऊपर रोड पे बर्फ है. गाडी स्लिप. मैं नहीं छोड सकता." त्याचा आवाज मऊ होता. "सॉरी, बाबा."

मोहिद्दीनने मान हलवली. त्याचंही बरोबर होतं. तो गाडीकडे वळला तोच वरून गस्तीचं पिकअप हळूहळू खाली आलं. त्याच्या टपावर पांढराशुभ्र थर होता.

पोलीस घाई करत ओरडला, "बाबा! यल्ला, यल्ला! उसको बुलाओ!"

हव्वाबी दुखऱ्या गुडघ्यांनी धावलीच. पोलिसाने टपावरून दोन्ही हातांनी बर्फ ओढला आणि तिच्या ओंजळीत घातला. कापसासारखा हलका. तिने तो नाकाशी धरला, हुंगला.

"वासच नाय ओ ह्याला!"

बघता बघता भोवती माणसं जमली. एका केरळी बाईच्या कडेवरचं बाळ हात पुढे करत होतं, हव्वाबीने त्याच्या तळव्यावर चिमूटभर ठेवला. दोन फिलिपिनो मुलींनी मागितला. लंगडत आलेल्या एका म्हाताऱ्या पठाणालाही दिला. बारशाला साखर वाटावी तशी ती वाटत राहिली. पिकअप पुढे निघून गेलं.

मोहिद्दीन तिच्याजवळ पोचला तेव्हा ओंजळीत नुसतं पाणी होतं.

"अवो, तुमच्यासाठी काय उरलंच नाय," ती ओशाळून म्हणाली.

मग तिने ते गारठलेले, ओले तळवे त्याच्या दोन्ही गालांवर ठेवले. भर रस्त्यात, एवढ्या लोकांसमोर. मागून गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. मोहिद्दीन डोळे मिटून उभा होता, आणि तिचे हात त्याच्या गालांवर हळूहळू गरम होत होते.