छातीवरची सुई

देऊळघाटच्या शिवारातल्या पत्र्याच्या मांडवात माणूस माणसाला खेटून उभा होता आणि साऱ्यांचे डोळे एका पितळी वाटीवर खिळले होते. उताण्या निजलेल्या प्रज्वलच्या छातीवर ती ठेवलेली. पाण्यात पिंपळपानाचा तुकडा, त्यावर सुई. टोक दक्षिणेला वळले तर यमाचे बोलावणे, उत्तरेला वळले तर आयुष्य.

"देखो, माउली!" सुईवाल्या महाराजांनी अंगठ्यांनी मढलेला हात उंच उभारला. "मागच्या टायमाले यम उंबऱ्यात होता. अनुष्ठान झालं, आता पाहा!"

सुई थरथरली आणि उत्तरेला स्थिरावली. जयघोष उसळला. प्रज्वलच्या आईने, सत्यभामाबाईंनी, डोळ्यांना पदर लावला.

"डॉक्टरच्या गोळ्या नदीत सोड, बेटा. उद्या पोलीस भरतीत बिनघोर धाव," महाराज प्रज्वलला म्हणाले.

त्यांच्या मुलीच्या, छायाच्या, अंगावर मात्र काटा आला. थोरला भाऊ प्रेम असाच धावता धावता कोसळून गेला होता. कोवळ्या उन्हात, ओठांवरचे हसू तसेच ठेवून. त्यानंतर बुलढाण्याच्या डॉक्टरांनी प्रज्वलचा टू-डी इको काढला, तर हृदयाच्या स्नायूची भिंत जाड निघाली. "हा आजार घराण्यातून येतो. धावणं बंद. मरणाची तारीख मला सांगता येत नाही. धोका किती, एवढं ताडता येतं." मायलेकांना ही अर्धीमुर्धी भाषा रुचली नाही. सुई कशी, ठोक जबाब देत होती!

मलकापूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या छायाने एक गोष्ट हेरली होती. मागच्या खेपेस सुई दक्षिणेला वळली तेव्हा महाराजांचा अंगठ्यांचा हात वाटीलगत घुटमळला होता. आज तो लांबच राहिला.

नैवेद्याच्या ढिगातला भोपळा ओढून तिने वाटी उचलून त्यावर ठेवली.

"काऊन वो पोरी, भोपळ्याले काळीज असते काय?" महाराज हसले.

"नसते. मंग सुईनं गप बसाले पाहिजे."

सुई डुलत डुलत उत्तरेलाच वळली.

"घ्या! भोपळा शंभर वर्षं जगते बे!" मागून कुणीतरी ओरडले.

छायाने आईच्या पदराची सेफ्टी पिन काढून महाराजांच्या सर्वांत जाड अंगठीशी नेली. पिन टच्चकन चिकटली.

"अंगठीत लोहचुंबक आहे. सुईही चुंबकावर घासलेली. मोकळी सोडली का ते उत्तरेलाच पाहते, छाती कोणाचीबी असो. ज्याले भेववायचं, त्याच्यावर हा हात खाली येते अन् सुई दक्षिणेले फिरवते."

महाराज करणी-करणी पुटपुटत आसन गुंडाळू लागले.

"मंग डॉक्टरले तरी काय समजते?" सत्यभामाबाई चवताळल्या. "तारीख सांगता येत नाही म्हणे!"

"म्हणूनच त्यायच्यावर भरवसा ठेव, माय. नाही समजत ते नाही समजत म्हणतात. भिंत किती जाड, घरात कोण अचानक गेलं, कधी शुद्ध हरपली का, हे पाहून, इचारून अंदाज बांधतात."

प्रज्वल उठून बसला. वाटी उचलताना सांडलेल्या पाण्याने सदरा छातीला चिकटला होता.

"ताई, मी पडलो होतो. राजूर घाटात, पळता पळता. काहीच समजलं नाही. डॉक्टरनं इचारलं तवा नाही म्हनलो. भरती हुकली असती ना."

त्या वाटीने हे कधी विचारलेच नव्हते.

जो तुम्हाला काही न विचारता सारे सांगतो, त्याच्यावर संशय घ्या. जो विचारतो, त्याला खरे सांगा. काळजाचे रक्षण इथूनच सुरू होते.

नदीत सोडायला कनवटीला बांधलेली गोळ्यांची पुडी सत्यभामाबाईंनी सोडली आणि लेकाच्या मुठीत कोंबली.

"ऊठ. बुलढाण्याले चाल. अन् आता सगळं सांग त्यायले."