सावडीच्या हाताचं मोल

या मायबापहो, असे पुढं सरका. पडवीच्या कडेला झड अंगावर घेत कशाला बसलात? बुवांना यायला अजून अवकाश आहे. तोवर आपल्या इगतपुरीकडच्या ठमाबाईची गोष्ट सांगतो, कीर्तनाइतकीच ऐकण्यासारखी आहे.

आषाढ चालू होता. वाफ्यातली भाताची रोपं वीतभर वाढून पिवळी पडत चालली होती, आवणी, म्हणजे रोपांची लावणी, खोळंबली होती, आणि ठमाबाई नाशिकच्या कोर्टात बाकावर बसली होती. बसली कसली, घडीघडीला उठून खिडकीतून आभाळ बघत होती. आदल्या वर्षी बाजारची जीप घाटात उलटली आणि तिचा उजवा हात मनगटात चुरडला. बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक ऑपरेशन केलं तर चिमटीत रोप धरता येईल. खर्च दोन लाख. भरपाईतून तेवढे सुटले तर ठीक, नाहीतर हात जन्मभर असाच.

त्या दिवशी लोकअदालत होती. टेबलामागं म्हातारे जज्जसाहेब, एका अंगाला विमा कंपनीचे वकील, दुसऱ्या अंगाला ठमाबाईची वकिलीण हर्षाली.

"मावशी, मजुरी किती मिळायची?" कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

"मजुरी? एक रुपाया बी नाय. खोटं कशाला बोलू? देवाला तोंड दाखवायचंय."

हर्षालीनं कपाळाला हात लावला.

"कमाई शून्य," वकील म्हणाले. "ऐंशी हजार देतो."

ठमाबाईचा नवरा गेणू पुढं झाला. "आवो सायेब, ती सावडीनं जाती! आज त्या आमच्या वावरात, उद्या ही त्यांच्या. दिवसाला दिवस. पैसा कोण घेतंय?"

"त्याचा काही कागद?"

"चिखलात कसला कागद, सायेब!"

जीप करून आलेल्या शेजारणी दाराशी ताटकळत होत्या. हर्षालीनं त्यांना आत घेतलं. धोंडाबाई म्हणाली, "माझ्या वावरात सात दिवस राबली." दुसरी म्हणाली, "माझ्यात सहा."

वकील हसले. "मैत्रिणी आहेत. घरून पाठ करून आल्यात."

जज्जसाहेबांनीही पेन खाली ठेवलं. ठमाबाईनं पदर खोचला. "चला वो, नाय जमायचं हितं. रोपं तरी वाचतील."

तेवढ्यात मागून आवाज आला, "माझ्याकडं नऊ दिवस हायेत तिचे."

कुसाबाई! बांधावरून भांडण होऊन दोन वर्षं दोघींचं बोलणं बंद. नाशकात लेकीकडं जायचंय असं सांगून त्याच जीपमध्ये बसून आली, तीही सगळ्या वाटेनं ठमाबाईकडं पाठ फिरवून. ठमाबाईनं झटक्यात मागं बघितलं. आता ही काय ओकते?

"नऊ दिवस आवणी केली हिनं माझ्यात. मग बांधावरनं वाजलं. मी फेडलेच नाय. लय तोंडाळ बाई हाय, सायेब. माझ्या पोराच्या लग्नाला आली नाय. पण मी चार ओळी लावस्तोवर हिच्या सहा व्हायच्या. ते लिवा."

"तोंडाळ कोण गं?" ठमाबाई उसळली.

"तूच! दुसरं कोण?"

"पुरे, पुरे," जज्जसाहेब हसू दाबत म्हणाले आणि वकिलांकडं वळले. "हिनंही पाठ केलंय का? भांडण असून स्वतःच्या अंगावरचं देणं कबूल करतीय ही."

जज्जसाहेबांनी एकेकीला विचारून आवणीचे, सोंगणीचे म्हणजे भातकापणीचे दिवस मांडले, चालू मजुरीनं गुणले, हाताच्या अपंगत्वाचे टक्के धरले. बरीच ओढाताण होऊन साडेतीन लाखांवर गाडी थांबली. ठमाबाईनं डावा अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या वावरात गेली, तर बाकीच्या बाया यायच्या आत कुसाबाई चिखलात वाकलेली. नऊ दिवस आली. भाकरीसुद्धा आपली आपण बांधून आणायची. दहाव्या दिवशी पुन्हा हजर. ठमाबाईला राहवलं नाही.

"फिटले की गं तुझे दिवस."

"मोजता येतंय मला," कुसाबाई वर न बघता म्हणाली. "हा नवा हाय. हात बरा झाला की फेड."

ठमाबाईचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. बोटं मिटायला लागलीत, तिची काळजी नसावी. पण मायबापहो, आता बुवा उभे राहतील, टाळ वाजू लागतील, तेव्हा हात जोडताना एकवार कुसाबाईची आठवण काढा.