सात प्रती

"बाई, पाय जरा वर घ्या, वायर काढतोय," म्हणत कॉम्प्युटरवाला टेबलाखाली शिरला. बाई पाय आखडून बसल्या.

आमच्या ऑफिसात प्रिंटर एकच, आणि तो बाईंच्या कॉम्प्युटरला जोडलेला. एकोणीस वर्षं ज्याला कागद काढायचा तो आधी फ्लॉपी आणि पुढे पेनड्राइव्ह घेऊन बाईंपुढे उभा राहायचा. बाई मजकूर वाचत, चुका काढत आणि मगच बटण दाबत. "अहो, ही तारीख रविवारची आहे," असं म्हणून त्यांनी माझी किती वेळा अब्रू वाचवली, त्याला गणती नाही. तरी रांगेला कंटाळून 'प्रिंटर सर्वांना जोडून मिळावा' असा अर्ज साहेबांना केला तो मीच. उपकार विसरायला माणसाला फार वेळ लागत नाही.

बाई कंत्राटी. दर वर्षी याच महिन्यात त्यांना मुदतवाढीचं पत्र मिळे. यंदा ते अजून आलं नव्हतं. घरी नवरा अर्धांगवायूने खिळलेला, कमावणाऱ्या या एकट्याच.

कॉम्प्युटरवाल्याने प्रिंटर नेटवर्कला जोडला. मग टेबलाटेबलावर जाऊन प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला तो जोडून दिला आणि चाचणीचं एकेक पान सोडलं.

"बाई, आलं का?"

"आलं."

"आता?"

"आलं हो."

अकरा टेबलांची अकरा पानं त्यांनी उचलून नीट लावून ठेवली.

"आता काय बाई, आरामच आराम!" कुणीतरी म्हणालं.

"आरामाचा पगार कोण देतंय?" बाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो.

शेवटी साहेबांची खोली झाली. कॉम्प्युटरवाला निघून गेला, साहेबांनी दार लावून घेतलं. थोड्या वेळाने प्रिंटर घरघरला आणि बाईंच्या कोपराशी कागद पडला. सवयीने त्यांनी तो वाचायला घेतला. तेवढ्यात दुसरा पडला, मग तिसरा. मजकूर तोच. कागद आपल्याच खोलीत निघेल अशी साहेबांची समजूत असावी. तो निघेना, म्हणून ते बटण दाबतच राहिले.

मी उठून पाहिलं. 'आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नसल्याने...' पुढे वाचवेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, तो अर्ज मी..."

"माहीत आहे. त्याची प्रिंट मीच नाही का काढली? शेवटचं वाक्य तुम्हाला जमलं नव्हतं, ते बदलून दिलं."

चौथ्या प्रतीनंतर कागद संपला. लाल दिवा लुकलुकू लागला.

"राहू द्या ना, बाई," मी म्हणालो.

त्यांनी नवं पुडकं फोडलं, कागद चिकटू नयेत म्हणून नेहमीसारखे फडफडवून ट्रेमध्ये घातले. उरलेल्या तीन प्रती निघाल्या. सातही टेबलावर आपटून त्यांनी कडा सारख्या केल्या आणि साहेबांचं दार वाजवून आत गेल्या.

"साहेब, सात प्रती निघाल्यात. सही कुठल्या प्रतीवर करताय?"

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले, पुन्हा बसले. बाईंनी कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि सही होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.