भाड्यात आलेलं गरम पाणी

मी जुना गीझर आहे, आणि जुना म्हणवून घ्यायला मला लाज वाटत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात, न्हाणीघराच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. अंगावर गंज चढला, रंगाचे पोपडे निघाले. पण मित्रांनो, पाणी मी आजही कढत देतो.

कारखान्यात पोलादी पत्रा वळवून, सांधे जोडून मला घडवलं. गळतो का ते पाहायला आत हवा दाबून भरली आणि पाण्यात बुडवलं. मी गळलो नाही. तेव्हापासून कोणी दाबायला आलं की मला चेव येतो.

घरमालक तळमजल्यावर राहतात. घर दाखवताना ते नळ सोडत, माझ्या लाल दिव्याकडे बोट करत आणि छाती फुगवून म्हणत, "वीज, पाणी सगळं भाड्यात आलं. वेगळं काही मागणार नाही." घर लगेच उचललं जाई. एवढं कौतुक, पण माझ्या पोटात साचलेला क्षार काढायला कधी कोणी फिरकलं नाही. मी खडखडू लागलो, तेव्हा म्हणाले, म्हातारा झाला.

पुढे एक बसकंडक्टर बाई आणि तिची सासू इथे राहायला आल्या. सासूबाईंनी उभा जन्म शिलाई मशीनवर काढलेला. सकाळी त्यांची बोटं आखडून जात. गरम पाण्यात हात बुडवून बसल्या की हळूहळू मुठी उघडत, आणि मग त्या आपली वेणी आपणच घालत. सुनेला हात लावू देत नसत. त्या वेणीत माझा वाटा आहे, हे मी ठणकावून सांगतो.

एका हिवाळ्यात विजेचे दर वाढले. मालकांनी वरच्या प्रत्येक मजल्यावरच्या गीझरच्या बटणावर पत्र्याची पेटी ठोकली आणि कुलूप घातलं.

"फुकटचं मिळतं म्हणून ओतत बसता," ते म्हणाले. "हा डबा तर नुसती वीज गिळतो."

वीज मी खातो, मित्रांनो. पण बसून खाल्ली, असं एकाने तरी दाखवून द्यावं.

सासूबाई शेगडी पेटवायला निघाल्या, तर सून आडवी आली. "गॅस आपला, खटपट आपली आणि भाडं मात्र गरम पाण्याचं? ते जमायचं नाही, आई. चला."

पुढचं मी पाहिलं नाही. पण सासूबाईंनी ते शेजारणींना इतक्या वेळा सांगितलं की मला तोंडपाठ आहे. टॉवेल आणि कंगवा घेऊन दोघी खाली गेल्या. मालकीणबाईंनी दार उघडलं.

"आई अंघोळीला आल्यात," सून म्हणाली.

"इथे?"

"गरम पाणी भाड्यात आलंय. वर बंद आहे, म्हणजे इथेच मिळत असणार."

"हे माझं घर आहे," मालक आतून गरजले.

"वरचंही तुमचंच आहे," असं म्हणत सासूबाई चपला काढून सरळ आत शिरल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरचं कुटुंब बादल्या घेऊन आलं. मग दुसऱ्या मजल्यावरचा गवंडी आणि त्याची बायको. रांग दाराबाहेर गेली. खांद्यावर पंचा टाकून खुद्द मालक ताटकळत उभे राहिले, तर कंडक्टर बाई सवयीने म्हणाली, "पुढे सरका, मागच्यांना जागा द्या. मालक, तुमचा नंबर नंतर."

"घर खाली करा," ते संतापले.

"करू की. नव्या भाडेकरूला मग काय दाखवाल? कुलूप?"

 मालकीणबाईंनी खिळ्यावरच्या किल्ल्या काढल्या आणि जिना चढत, एकेक पेटी उघडत तिसरा मजला गाठला. माझी पेटी उघडताना त्या पुटपुटल्या, "माझी न्हाणी मला परत द्या म्हणजे झालं."

माझा दिवा लागला. कुरकुरलो, खडखडलो, पण तापलो. सासूबाईंची बोटं मोकळी झाली. सूनबाई तेवढ्यावर थांबली नाही. तिने मालकांकडून कारागीर मागवला आणि माझ्या पोटातला ओंजळभर क्षार काढून घेतला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा म्हातारा राबत असेल. त्याला जपा, पण दयेपोटी नको. तो काम करतो, म्हणून जपा. आणि जे ठरलेलं आहे, ते मागताना मान खाली घालू नका. उद्या मालकांना मला उतरवायचं झालं तर खुशाल यावं. मोठा पाना मात्र आणावा. मी सहजासहजी सुटणार नाही.