पुढे वाकून

माझा धाकटा भाऊ पक्का कामचुकार. बटण लाव म्हटलं तरी कपाळाला आठ्या. आमच्या शिलाईच्या दुकानात बेतणं माझं, शिवणं त्याचं, आणि त्याच्या मागे लागणंही माझंच. त्यामुळे तापातून उठल्यावर तो दिवसभर मशीनवर वाकून बसायला लागला, तेव्हा मला आधी बरंच वाटलं.

मग त्याचं तोंड उतरलेलं दिसलं.

"छातीत दुखतंय गं," तो म्हणाला. "पण असं वाकून बसलं की बरं वाटतं."

"कामानं बरं वाटायला तू कधीपासून लागलास?" मी मशीनचा पट्टा काढून कपाटात ठेवला. "गुपचूप आडवा हो."

"ताई, आडवं पडलं की जास्त दुखतं."

"नाटकं पुरे."

आई गेल्यापासून तो कुरकुर करतो, पण माझा शब्द मोडत नाही. आतल्या खोलीत ताग्यांशेजारी उताणा झोपला. मी दारात बसून शाळेच्या गणवेशाच्या बाह्या कापत होते. तो मधूनमधून उठू बघायचा, मी नुसती डोळे वटारायचे, की परत पडायचा. चहा घेऊन गेले तर ओठ निळे पडलेले, शुद्ध नाही.

दवाखान्यात कळलं, तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज आली होती आणि भोवतीच्या पिशवीत पाणी भरलं होतं. सुईनं पाणी काढलं.

"वाकून बसल्यावर दुखणं कमी व्हायचं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो."

"तीच याची खूण. मग तुम्ही काय केलंत?"

"झोपवलं."

त्या लिहीत राहिल्या. मला रडू येईना. काहीच वाटेना. गळ्यातली टेप काढायची राहून गेली होती; ती गुंडाळत होते, सोडत होते.

तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. जीव वाचला होता. हृदय पहिल्यासारखं होईल का, ते सहा महिन्यांनी कळणार. पलंगावर टेबल, त्यावर उशी आणि उशीवर वाकून तो बसला होता, मशीनवर बसायचा तसाच.

पावलं ऐकून त्यानं मान वर केली. मला बघितलं, आणि उशी बाजूला सारून आडवा व्हायला लागला.