न मागता वाढलेला भात

जरा दमानं ऐका, माझा आवाज आता बसलाय. जव्हारच्या एका मुलींच्या वसतिगृहातला, जेवणघराच्या भिंतीवरचा फळा बोलतोय मी. अंगावर इतकी अक्षरं गिरवून घेतली, पण एकही वाचता येत नाही. जे कळलं ते कानानं.

मूळचा मी साग. गोरख सुतारानं माझ्या चार फळ्या जोडल्या, काळा रंग दिला नि म्हणाला, "जा बाबा, तू तरी शिक. मला नाय जमलं." शिकतोय कुठला! भाताच्या वाफेनं रंग फुगला, सांधे उघडले. रोज लिहायचं, रोज पुसायचं. ओल्या फडक्यानं पुसपुसून माणूस थकेल, मी तर लाकूड.

वसतिगृह सांभाळायला नीता मॅडम आल्या आणि त्यांनी एक नेम सुरू केला. रोज सकाळी माझ्यावर इंग्रजीचं एक वाक्य, बिनचूक आणि अदबीचं. "उद्या ठाण्याला, मुंबईला जाल. तिथं नुसतं 'दे' म्हणून चालत नाही," त्या सांगायच्या. बाई वाईट नव्हत्या. आपल्या पोरींना कुणी हिणवू नये, एवढीच तळमळ. म्हणून नियम झाला. दुसऱ्यांदा भात हवा तर म्हणायचं, "मे आय हॅव सम मोर राइस, प्लीज?"

पोरी हसत हसत म्हणायच्या. प्रगती तर 'प्लीज' इतकं लांबवायची की वाढणारी भागी म्हणायची, "पुरं गं बाय, भात निवला!"

डोंगरातल्या साखरशेतची पोशी मात्र म्हणायची नाही. सहावीतली पोर. ताट रिकामं करून समोर ठेवायची नि भागीकडं बघायची. भागीचा डाव वर उचलला जायचा, मॅडमकडं नजर गेली की परत पातेल्यात.

"वाक्य येत नाही का तुला?" मॅडम विचारायच्या. पोशी उभी राहून अख्खं वाक्य म्हणायची, एक चूक नाही.

"मग भात हवा असताना का नाही म्हणत?"

पोर खाली बसायची. रिकाम्या ताटाकडं बघायची.

दोन महिन्यांत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेवटी घरी निरोप गेला. बाप आला, येसू. "रहत नसंल तर नेतो. घरी काम हाय," म्हणाला. पोशीनं पेटी भरलीच होती. पुस्तकं तळाशी, पुन्हा लागणार नाहीत अशी.

जेवायची वेळ, म्हणून त्यालाही बसवलं. मॅडमनी स्वतः वाढलं. येसूनं ताट साफ केलं, समोर ठेवलं नि गप्प बसला.

"काका, लागलं तर मागून घ्या हं."

येसू ओशाळला. "मागायचा कसा, बाई? आमचे घरी मागत नांय. मागला म्हंजे वाढनारीला डोलं नांय, रिकामा ताट दिसत नांय, असा झाला. पोट भरला का ताटावर हात धरायचा, बस."

भागीनं मान खाली घातली. तीही त्याच डोंगरातली. तिला सगळं ठाऊक होतं, पण तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी पातेलं पुढं ओढलं. येसूला वाढलं, मग पोशीला. पोशीनं तीनदा घेतला, चौथ्यांदा ताटावर हात धरला. मग मॅडम माझ्याकडं आल्या. फडकं सापडेना, तळहातानंच वाक्य पुसलं. नवं लिहून मोठ्यानं वाचलं ते मागणाऱ्यासाठी नव्हतं, वाढणाऱ्यासाठी होतं. "वुड यू लाइक सम मोर राइस?" आणखी भात वाढू का?

पेटी परत खाटेखाली गेली. भागीला ते वाक्य पाठ व्हायला आठ दिवस लागले. "माजी जीभ लाकडाची गं," ती म्हणायची. चुलीपुढं बसून पोशीच तिच्याकडून घोकून घ्यायची.

त्यालाही बरीच वर्षं झाली. पोशी आता नाशिकला एका दवाखान्यात आजाऱ्यांची सेवा करते, असं कानावर आलं. माझ्या जागी भिंतीवर चमकणारा पडदा यायचाय. मला उतरवून सरपणाशेजारी टेकवलंय. तक्रार नाही. दमलोय. काल भागी माझ्यावर बोटं वाजवून म्हणाली, "चांगला वाळलाय गं हा."

वाळलोय खरा. घाला मला चुलीत. पण भाताच्या चुलीत घाला. आणि तो भात वाढाल तेव्हा कुणाच्या तोंडाकडं बघत थांबू नका. ताटाकडं बघा.