खिडकीकडची नळी

"थंडीनंच मारायचं ठरवलं असेल तर तसं सांगा बाई. घरून निघतानाच सगळ्यांचा निरोप घेऊन येत जाईन."

कंडक्टरकाकांची ही कुरकुर मोठ्या सिस्टरच्या अगदी डोक्यावर चालली होती, कारण सिस्टर काकांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीमागे जमिनीवर उकिडव्या बसल्या होत्या. डायलिसिसची दुपारची पाळी आटोपली होती, मशीन थांबली होती. काका हातावरचा कापसाचा बोळा दाबत मुलाची वाट बघत होते.

"एसी बंद आहे, काका."

"बंद असूनही एवढा गार करतो? गुणी आहे हो!"

टेक्निशियन हसला नाही. भिंतीलगतच्या नळीचा जोड तो पान्यानं सोडवत होता आणि जोड सुटू नये असंच त्याच्या मनात असावं, इतक्या सावकाश.

ही खुर्ची आजींची. पूर्वी त्या कोपऱ्यात बसायच्या, हात धुवायच्या बेसिनसमोर. डायलिसिसला बसायचं म्हणजे निम्मा दिवस जायचा. "जन्मभर भांडी घासली, आता मशीनला बांधून घेतलं तरी मोरीच बघायची का?" असं त्या एकदा म्हणाल्या आणि ते सगळ्यांच्या जिव्हारी लागलं. मशीनमध्ये रक्त धुवायला लागणाऱ्या शुद्ध पाण्याची मोठी नळी खोलीभर फिरून परत टाकीला मिळायची. तिच्यातलं पाणी कधी थांबत नसे, थांबू द्यायचंच नसे. ती खिडकीपर्यंत पोचत नव्हती, म्हणून टेक्निशियननं तिला एक फाटा काढून दिला. सिस्टरनी हौसेनं पडदा बदलला. डॉक्टरही "करा, करा" म्हणाले. आणि आजींची जागा म्हणून तिथे दुसऱ्या कुणाला कुणी बसवलंही नाही.

त्यामुळे आजी नसतील तेव्हा फाट्यातलं पाणी नुसतं उभं राही. तपासणीचा नमुना मात्र नेहमी मोठ्या नळीच्या शेवटाला घेतला जाई, आणि तो नेहमी स्वच्छ येई.

आजींना हुडहुडी भरायला लागली तेव्हा सगळ्यांनी खिडकीला दोष दिला. फटीत कागद कोंबले, ब्लँकेट वाढवली. गेल्या आठवड्यात त्यांना मशीनवरच ताप चढला, रक्तदाब कोसळला. वरच्या मजल्यावर नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत.

जोड सुटला. फरशीवर थोडं पाणी सांडलं. सिस्टरनी नळीत बोट घातलं आणि बाहेर काढून अंगठ्यावर घासलं. फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की आतून हात लावल्यावर लागतं, तसं बुळबुळीत.

 टेक्निशियननंही ते पाहिलं होतं.

"फाट्याच्या तोंडाला टोपी बसवतो," तो म्हणाला.

"उरलेल्या तुकड्यात परत तेच होईल. मुळापासून काप. आणि उद्या सगळी लाइन औषधानं धुऊन काढायची."

"पेशंटना काय सांगू?"

सिस्टर अजून बोट अंगठ्यावर घासत होत्या.

"दुरुस्ती सांगतो," त्यानंच उत्तर दिलं.

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. सिस्टरनी बोट पुढे केलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग काकांकडे, मग आवाज खाली आणला.

"रिपोर्ट स्वच्छ होते ना?"

"मोठ्या नळीचे."

"हे बघा सिस्टर, या जागेला कुलूप लागलं तर बाकीच्यांना कुठे पाठवणार आहात? दुसरीकडे एक खुर्ची मोकळी नाही. नळी काढा. विषय काढू नका."

हे खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. सिस्टरनी मान खाली घातली.

तेवढ्यात आजींची लेक आली. हातात इथलंच एक ब्लँकेट होतं, धुऊन, घडी घातलेलं.

"आईबरोबर घरी आलं होतं चुकून," ती म्हणाली. मग तिची नजर खिडकीकडे गेली. "तुम्ही फार केलंत तिचं. घरी आली की खिडकीचंच पुराण. समोरच्या गच्चीवरची बाई म्हणे शर्ट खांद्यांवर चिमटे लावून वाळत घालते. आईला त्याचा इतका राग यायचा! म्हणायची, एकदा जाऊन सांगून येते तिला."

काका हसले. तीही हसली आणि हसता हसता तिचा चेहरा रडवेला झाला.

"सिस्टर, एक विचारायचं होतं. त्या दिवशी सकाळी मी तिला डोक्यावरून न्हाऊ घातलं. केस चिकट झालेत म्हणून मागेच लागली होती. पुसले हो मी नीट, पण इथे येईपर्यंत मुळाशी ओलेच होते. दादा म्हणतो, तेच बाधलं. माझ्याशी बोलत नाही तो."

पाना फरशीवर टेकल्याचा आवाज झाला.

"अहो ताई, वय झालं होतं त्यांचं," काका मायेनं म्हणाले.

"या वयात असं होतं," डॉक्टर म्हणाले.

"हो ना. वयच," टेक्निशियन नळीकडे बघत म्हणाला.

तिनं तिघांचं ऐकून घेतलं. समजूत घालणाऱ्यांचं मन मोडू नये म्हणून माणसं हलवतात तशी मान हलवली.

"वय तर रोजच होतं," ती म्हणाली. "न्हाऊ मी त्याच दिवशी घातलं."

सिस्टर उठल्या. उकिडवं बसून गुडघे धरले होते, खुर्चीचा आधार घ्यावा लागला. तिच्या हातातलं ब्लँकेट त्यांनी घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"सिस्टर," डॉक्टर हळूच म्हणाले.

त्यांनी तिकडे पाहिलं नाही. तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"दादाला सांग, न्हाण्यानं काही झालं नाही. आमच्या पाण्यानं गेल्या त्या."